दाखल्यापुरता देश

नुबारा हा देश नकाशावर कुठे आहे, हे लोकसभेतल्या निम्म्या सदस्यांना बोट ठेवून दाखवता आलं नसतं. पण त्या वर्षीच्या अधिवेशनात त्याचं नाव घेतल्याशिवाय कोणी खाली बसत नव्हतं. चर्चा पाण्याच्या वाटपावर असो, कांद्याच्या निर्यातीवर असो, नाही तर शाळांच्या अनुदानावर असो, बोलणारा आवाज चढवायचा, समोरच्या बाकांकडे हात करायचा आणि म्हणायचा, "या देशाचा आम्ही नुबारा होऊ देणार नाही." बाकं वाजायची. मग समोरचा उठून म्हणायचा, नुबारा कोणी करत असेल तर तो तुम्हीच. पुन्हा बाकं वाजायची.

हे वाक्य पहिल्यांदा लिहिलं सुनंदा बिर्जेने. खासदार कुमुदताई खानविलकरांची भाषणं लिहिणं हे तिचं काम. पूर्वी ती रत्नागिरीकडच्या एका साप्ताहिकात होती. ते बंद पडलं तेव्हा कुमुदताईंनी तिला दिल्लीला आणलं. ताईंच्या बोलण्यात कोकणचं मीठ आणि दिल्लीचं तिखट नेमकं किती घालायचं, हे तिला कळायचं.

तिचा धाकटा भाऊ दत्ताराम मालवाहू जहाजावर सारंग होता, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. त्याच्या फेऱ्या नुबाराच्या बंदरात व्हायच्या. तिथे सात वर्षं आपसातली लढाई चालू होती. एकदा फोनवर तो म्हणाला होता की शहराचे नळ आटलेत, बाया विहिरीपाशी हंडे लावून शेजारीच झोपतात, आणि झोपेत हंडा जाऊ नये म्हणून त्याची दोरी मनगटाला बांधून ठेवतात. सुनंदाने ती दोरी कुमुदताईंच्या पाण्यावरच्या भाषणात घातली आणि खाली ते वाक्य लिहिलं. त्या दिवशी बाकं इतकी वाजली की दुसऱ्या दिवशी समोरच्या बाकांनीही तेच वाक्य उचललं.

दत्तारामने ते भाषण जहाजावर ऐकलं. "आक्का, दोरीचं चांगलं लिहिलंस," तो म्हणाला. "पण त्याच हंड्यातलं पाणी त्या आम्हाला प्यायला देतात, ते नाय लिहिलंस."

"भाषणात सगळं मावत नाही रे."

"जल्लं तुमचं भाषण," तो हसून म्हणाला, आणि विषय तिथेच राहिला.

ऑगस्टमध्ये दत्तारामचं जहाज गहू घेऊन पुन्हा नुबाराला गेलं आणि बंदराच्या बाहेर नांगर टाकून अडकलं.

त्या काळात बहुतेक मोठी जहाजं माणसांविना चालायला लागली होती. पण तसली जहाजं लढाईच्या पाण्यात पाठवायला मालक तयार नसत. यंत्र महाग होतं. माणसं असलेलं जुनं जहाज बुडालं तरी परवडत होतं. त्यामुळे कोकणातल्या खलाशांना काम मिळायचं ते अशाच बंदरांचं.

"निघणार कधी?" सुनंदाने विचारलं.

"विमा संपला गो. लढाईच्या पाण्याचा विमा आठवड्याआठवड्याला नवा घ्यावा लागतो. तो आता कोण देत नाय. विम्याबिगर नांगर उचलायचा नाय, असा मालकाचा हुकूम. आत जायचं नाय नि परत पण फिरायचं नाय. पिण्याचं पाणी मापून देतो आम्ही. कप्तान दिवसभर तो आकडा बघत बसतो."

"कसला आकडा?"

"धोक्याचा. बंदर किती धोक्याचं हाय त्याचा. तो तुमच्या दिल्लीवरनं हलतो म्हणे."

सुनंदाला ते नीट कळलं नाही. पण फोन ठेवल्यावर तिने तो आकडा कुठून येतो, ते शोधायला घेतलं.

त्याच संध्याकाळी गावाहून भावजयीचा, दत्तारामच्या बायकोचा फोन आला. शालन फार बोलणारी नव्हती. "वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही त्या मोठ्या लोकांत उठता-बसता. कोणाला तरी सांगा. मला तो गहू नको नि ते बंदर नको. माझा माणूस घरी आणा."

"आणते," सुनंदा म्हणाली. कसा, ते तिला माहीत नव्हतं.

धोक्याचा तो आकडा काढणाऱ्या यंत्राला वर्तमानपत्रांनी नाव दिलं होतं 'कानोसा'. विमा कंपन्यांनी मिळून ते उभं केलं होतं. ज्यांनी त्याला हिंदी आणि मराठी शिकवलं, त्यांत डॉ. हेमांगी रेगे होत्या. आता ते काम सोडून त्या दिल्लीतच शिकवत होत्या. सुनंदाने त्यांना गाठलं. हेमांगीबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या, तिथेच दोघी बसल्या.

"लढाईच्या आधी लढाईची भाषा येते," हेमांगीबाई म्हणाल्या. "कोणता देश कोणावर निर्बंध घालणार, कोण सैन्य पाठवणार, याची चाहूल आधी बोलण्यात लागते, आणि ते बोलणं संसदेत होतं. म्हणून कानोसा जगातल्या सगळ्या संसदा ऐकतो. नुबारापुरतं आपल्या संसदेला वजन जास्त, कारण तिथे जाणारा निम्मा गहू आपला आणि जवळचं नौदलही आपलं."

"पण आमच्याकडे नुबारावर कोणी बोलतच नाही. फक्त नाव घेतात. नावाने काय होतं?"

हेमांगीबाईंनी मेथीची काडी उचलली. "समजा, तुम्ही मला म्हणालात, 'मी ढमुक आणली.' मला कळणार नाही. मग म्हणालात, 'ढमुक निवडली, धुतली, चिरली, लसणाची फोडणी दिली.' आता मला न बघता कळलं की ढमुक ही पालेभाजी. कशावरून? संगतीवरून. यंत्र असंच शिकतं. प्रत्येक शब्द त्याच्या लेखी एका फार मोठ्या मैदानातला ठिपका असतो. जे शब्द वारंवार एकत्र येतात, त्यांचे ठिपके सरकत सरकत जवळ येतात. नुबारा पूर्वी खजूर, मासळी, जहाज, फुटबॉल यांच्या आसपास कुठेतरी होता. आता तो आग, दंगल, उपासमार, विध्वंस यांच्या अगदी मांडीला मांडी लावून बसलाय. तिथे कोणी बसवला?"

सुनंदाने मेथीची एक जुडी आपल्याकडे ओढली. ती म्हणाली, "ते वाक्य बोलण्यापुरतं आहे, हे त्याला कळत नाही?"

"कळतं. दाखला आहे हे त्याला चांगलं कळतं. पण तो म्हणतो, इतकी शहाणी माणसं नाशाचा दाखला म्हणून एकाच जागेचं नाव घेतात, त्याअर्थी तिथे नाश असलाच पाहिजे. माणसंही असाच हिशोब करतात ना? आणि मग आकडा चढतो, जहाजं जात नाहीत, गहू उतरत नाही, कोठारांवर मारामाऱ्या होतात, त्याच्या बातम्या येतात, आणि आकडा आणखी चढतो. वाक्य खरं होत जातं."

"मग आम्ही नावच घेतलं नाही तर?"

"त्याला पुष्कळ दिवस लागतील. त्यापेक्षा नाव घ्या, पण संगत बदला. भाकरीशेजारी बसवा, बाजाराशेजारी बसवा. तुमच्या सभागृहाने एक दिवस जरी तसं केलं तरी आकडा हलेल, कारण इतके दिवस एकाच बाजूचं ऐकून त्याला दुसऱ्या बाजूची भूक लागलेली असते." हेमांगीबाई थांबल्या. "पण सुनंदाताई, एक लक्षात ठेवा. आकडा खाली आला म्हणजे तिथली लढाई थांबली, असं नव्हे."

सुनंदा तेव्हाच उठली होती. शेवटचं वाक्य तिच्या कानावर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही. ज्याला आपला माणूस बाहेर काढायचा असतो त्याला दार कुठे आहे एवढंच ऐकू येतं.

परराष्ट्र धोरणावरची मोठी चर्चा पुढच्या आठवड्यात होती. कुमुदताई त्या चर्चेकडे डोळे लावून बसल्या होत्या. परराष्ट्र व्यवहार समितीचं अध्यक्षपद रिकामं होणार होतं आणि त्यांचं नाव घेतलं जात होतं. एक जोरदार भाषण हवं होतं.

सुनंदाने लिहिलेला मजकूर त्यांनी वाचला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सुनंदा, यात कोणी कोणाला जाळत नाही."

"नाही, ताई."

"खजूर आहेत. सुतारांची आळी आहे. गोदी कामगार पाळी संपल्यावर फुटबॉल खेळतात."

"खेळतात. दत्ताराम पण खेळलाय त्यांच्यात."

"म्हणजे मी देशाच्या परराष्ट्र धोरणावर बोलायला उभी राहणार आणि सुतारांच्या आळीवर बोलून खाली बसणार. तो सदानंद मोहोड माझं काय करेल, कल्पना आहे तुला?"

सुनंदाने मग सगळं सांगितलं: जहाज, विमा, मेथी, ठिपके. कुमुदताई बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांच्या मतदारसंघात अशी गावं होती जिथे घरटी एक माणूस समुद्रावर होता. मतं म्हणून त्या ते जाणत होत्याच. पण त्यांचे सासरेही जहाजावर कारकून होते आणि एका फेरीत परत आलेच नव्हते.

"हे खोटं तर नाही ना?" त्यांनी विचारलं. "हे सगळं तिथे आहे?"

"आहे. दत्तारामनेच सांगितलंय. मी फक्त आधी लिहिलं नव्हतं."

"अध्यक्षपद गेलं तर तुझ्या भावजयीने मला जन्मभर सोलकढी पाठवायची," कुमुदताई म्हणाल्या आणि कागद पर्समध्ये ठेवला.

चर्चेच्या दिवशी सुनंदा वरच्या सज्जात बसली होती. सभागृह भरलेलं होतं. प्रत्येक बाकावरच्या डबीतून बोलणाऱ्याचं बोलणं ज्याच्या त्याच्या भाषेत उमटायचं. दुभाष्यांच्या काचेच्या खोल्या रिकाम्या होऊन बरीच वर्षं झाली होती. कुमुदताई मराठीतच बोलत. त्यांनी नुबाराचं नाव घेतलं आणि सदस्य सवयीने बाक वाजवायला सरसावले. पण पुढे काही पेटलंच नाही. कुमुदताई पहाटेच्या मासळी बाजाराबद्दल बोलत होत्या. मग सुतारांच्या आळीबद्दल.

समोरून विदर्भातले सदानंद मोहोड उठले. "अध्यक्ष महोदय, ताईंकडे नुबाराचं पर्यटन खातं आलं काय?"

हशा झाला.

"नाही म्हणजे, तिथली भाकर कशी असते तेही सांगून टाका. आम्हाले उशीर झाला तरी चालते."

"सांगते ना," कुमुदताई शांतपणे म्हणाल्या. "दोन बोटं जाड असते. वर काळे तीळ असतात. गोदीतले कामगार ती चहात बुडवून खातात. मोहोडसाहेब, तुम्हाला आवडेल. तुमच्यासारखीच आहे, बाहेरून कडक."

या वेळी त्यांच्याच बाजूची माणसं जास्त हसली, आणि चर्चेला तो चाळा लागला. पुढचा सदस्य उठला तो नुबाराच्या चहावर कोटी करून. त्याच्यानंतरचा म्हणाला, सरकारचं धोरण नुबाराच्या भाकरीइतकंही भाजलेलं नाही. कोणी तिळावर बोललं, कोणी फुटबॉलवर. कुमुदताईंची चेष्टा करण्यात दुपार गेली, आणि दुपारभर नुबारा हे नाव भाकरी, तीळ आणि चहा यांच्या पंगतीत बसून राहिलं.

समितीचं अध्यक्षपद त्याच दिवशी दुसऱ्याकडे गेल्यात जमा झालं. पण आकडा उतरला. एकदा उतरू लागल्यावर तो भराभर उतरला, कारण एका विमा कंपनीने भाव उतरवला की दुसरीला मागे राहून चालत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जहाजाला विमा मिळाला.

सुनंदा फोनची वाटच बघत होती.

"आक्का, नांगर उचलला."

"देव पावला. कधी पोचशील घरी?"

"घरी कुठं? आत चाललोय. मालक म्हणतो, बंदर शांत झालं, गहू उतरवून घ्या. त्याने पण ऐकलं म्हणे तुझ्या बाईंचं भाषण. खूश हाय."

सुनंदा खुर्चीत बसली. "दत्ता, खरंच शांत आहे का रे तिथे?"

"डोंगराच्या पलीकडे आवाज असतात. आता जरा अलीकडे आल्यासारखे वाटतात."

"मग कप्तानाला सांग. नका जाऊ आत. तुला ऐकू येतंय ना?"

"मला येतंय गो. पण यंत्राला येत नाय. माझ्या कानावर कोण विमा देणार?"

"मी ते भाषण तू बाहेर यावंस म्हणून लिहिलं होतं."

"ठाऊक हाय मला," तो म्हणाला. "वाईट नको वाटून घेऊस. धक्क्यावर लोक येऊन उभे राहिलेत. गहू उतरायला पाहिजेच होता."

तिने मालकाच्या कचेरीत फोन केला. तिथल्या माणसाने अदबीने सांगितलं की धोक्याचा आकडा वर्षातला सर्वांत कमी आहे, काळजीचं कारण नाही. तिने हेमांगीबाईंना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, सुनंदाताई." रागाने म्हणाल्या नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. तिने कुमुदताईंना गाठलं. कुमुदताईंनी परराष्ट्र खात्यात फोन फिरवले. पण कालच ज्या बाईने सभागृहात नुबाराची भाकरी वाखाणली, तीच आज तिथे धोका आहे म्हणत होती. खात्यातल्या अधिकाऱ्याला वाटलं ताई थट्टा करताहेत.

जहाज धक्क्याला लागलं. गहू उतरू लागला. त्याच्या मागोमाग आणखी दोन जहाजं आत आली. दत्तारामने एक चित्र पाठवलं: भट्टीपाशी रांग, आणि रांगेच्या तोंडाशी पिठाने पांढरी झालेली एक बाई कॅमेऱ्याकडे न बघता हसत होती. सुनंदाने ते शालनला पाठवलं.

आणखी दोन दिवसांनी सरकारी बाजूची फौज डोंगरावरून हटली आणि बंडखोरांच्या तोफा बंदरावर चालू लागल्या. गव्हाचं कोठार आणि धक्क्याला लागलेली तिन्ही जहाजं पेटली. कानोसाचा आकडा काही मिनिटांत इतका वर गेला की त्याच्या पट्टीवर जागा उरली नाही. आता ते यंत्र अगदी बरोबर सांगत होतं.

दिवसभर दत्तारामचा फोन लागला नाही. शालनचा मात्र आला.

"मी म्हटलं होतं घरी आणा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही आत धाडलात."

"शालन, मला वाटलं नव्हतं..."

"तुम्हाला लिहिता येतं, वन्सं. ते बाहेर तरी जातं नाही तर आत तरी जातं. ज्याला लिहिता येतं त्याने बघायला नको, कुठं जातंय ते?"

सुनंदाने फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि पलीकडून शालननेही बराच वेळ ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुमुदताईंच्या घरी जायला निघताना, अनोळखी क्रमांकावरून फोन आला.

"आक्का, मी."

ती पायरीवर बसली.

"जहाज जळलं. आम्ही सगळे उतरलो होतो. दोघं भाजलेत. एका शाळेच्या तळघरात हाय. धक्क्यावरचे हमाल, त्यांची बायकापोरं, सगळी इथंच. कप्तानाला त्यांच्यातल्याच एकाने पाठीवर घालून आणलं. जमिनीवरचे रस्ते बंद झालेत. समुद्राकडनं कोण आलं तरच. आता ऐक, फोन त्या माणसाचा हाय, चार्जिंग नाय. शालनला सांग, मी जेवलोय."

"जेवलास का खरंच?"

"भाकरी हाय ना," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

सुनंदाने शालनला निरोप दिला आणि कुमुदताईंकडे गेली. तिथे सगळं पेटलेलं होतं. टीव्हीवर जळतं बंदर होतं. सभागृहात त्याच दिवशी विशेष चर्चा ठेवली होती. कुमुदताईंना दहा मिनिटं मिळाली होती आणि पक्षाच्या नेत्यांनी स्वतः फोन करून सांगितलं होतं की आज ताईंनी आग लावली पाहिजे.

"दत्ताराम जिवंत आहे हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला बघ," कुमुदताई म्हणाल्या, आणि ते खोटं नव्हतं. "आता लिही. सुरुवातच अशी करू: माझ्या जिल्ह्याचा मुलगा, दत्ताराम बिर्जे, आत्ता या क्षणी एका तळघरात बसलाय. मग बंदर, मग आग. आणि शेवटी सरकारला विचारू, हेच का तुमचं धोरण. तुझ्याइतकं हे कोण लिहील?"

सुनंदा शेजारच्या खोलीत जाऊन बसली. सुरुवातीचं वाक्य तिने लिहिलं. ते फार चांगलं झालं. वाचताना तिच्याच अंगावर काटा आला, आणि तिने ते पुसलं. मग बऱ्याच वेळाने तिने चार ओळी लिहिल्या आणि कागद आणून दिला.

कुमुदताईंनी कागद उलटून मागे बघितलं. मागे काही नव्हतं.

"यात दत्तारामचं नाव नाही."

"नाही."

"नुबाराचं पण एकदाच आहे."

"ताई, दत्ताराम जिवंत आहे," सुनंदा म्हणाली. "आज तुम्ही त्याचं नाव आगीशेजारी ठेवलंत तर उद्या पन्नास जण ठेवतील. परवा तो माणूस राहणार नाही, दाखला होईल. मी एका देशाचं असंच केलं."

कुमुदताई खाली बसल्या. "मग तिथे शांत आहे असं म्हणू?"

"ते तर अजिबात नको. ते आपण केलंय एकदा. भडक बोललं तर आकडा वरच राहतो आणि कोणी तिकडे फिरकत नाही. नौदलाचं जहाज पाठवतानाही मंत्री तोच आकडा बघतात. आणि गोड बोललं तर आणखी कोणाला तरी मरायला पाठवतो."

"मग उरलं काय?"

"प्रश्न. नुसता."

"दहा मिनिटांत एक प्रश्न?"

"दाखला दिला की बाक वाजवून सुटता येतं. प्रश्न विचारला की उत्तर द्यावं लागतं."

"ते देत नाहीत, सुनंदा. तुला माहीत आहे. 'लक्ष ठेवून आहोत' म्हणतात आणि पुढचं नाव पुकारलं जातं. आणि नेत्यांना मी काय सांगू? समिती गेली, आता पुढचं तिकीटही जाईल."

सुनंदाला आग्रह करायचा हक्क नव्हता. बाईंचं एक पद तिने आधीच घालवलं होतं आणि तेही भलत्याच गोष्टीसाठी.

कुमुदताईंनी कागदाची घडी घातली. "बघू," त्या म्हणाल्या.

सभागृहात एकामागून एक सदस्य उठत होते. नुबारा जळत होता. कोणी तो शेजारच्या देशाच्या माथी मारला, कोणी चाळीस वर्षांपूर्वीच्या सरकारच्या. एकाने त्यातून आपल्या राज्याच्या सीमावादाकडे वळण घेतलं आणि बाकं कडाडली. सज्जातल्या सुनंदाला प्रत्येक वाक्याच्या आधी कळत होतं की पुढे कोणतं येणार. त्यातली बरीच तिच्याच साच्यातली होती.

कुमुदताईंचं नाव पुकारलं गेलं. त्या उभ्या राहिल्या. हातात घडी घातलेला कागद होता. तो त्यांनी उघडला नाही.

"अध्यक्ष महोदय, नुबाराच्या बंदरातल्या एका शाळेच्या तळघरात आपले खलाशी आहेत. त्यांना ज्यांनी वाचवलं ते तिथले गोदी कामगार आणि त्यांची मुलंबाळंही तिथेच आहेत. आपल्या नौदलाचं एक जहाज तिथून एका दिवसाच्या अंतरावर आहे. ते निघालं का? निघालं नसेल तर केव्हा निघणार? आणि येताना आपल्या माणसांबरोबर त्यांच्याही माणसांना आणणार का?"

बाकं वाजवायला हात वर झाले होते. कुठे वाजवायचं ते न कळल्यामुळे ते तसेच राहिले.

मंत्री अर्धवट उठले. "परिस्थिती चिंताजनक आहे. सरकार बारीक लक्ष ठेवून आहे." आणि ते बसले.

कुमुदताई उभ्याच होत्या.

"सन्माननीय सदस्यांचं भाषण संपलं का?" अध्यक्षांनी विचारलं.

"भाषण नव्हतं, महोदय. प्रश्न होता. त्याचं उत्तर आलेलं नाही."

"आपली नऊ मिनिटं शिल्लक आहेत. आपल्याला बोलायचं असेल तर..."

"ती मी मंत्र्यांसाठी ठेवली आहेत. उत्तर येईपर्यंत मी उभी राहते."

कोणी बोलत नव्हतं, त्यामुळे बाकांवरच्या डब्यांना भाषांतर करायला काही नव्हतं. कुमुदताईंच्या पक्षाचे नेते मागे वळून खुणा करत होते: बसा, नाही तर बोला. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. सुनंदाला वरून त्यांची पाठ दिसत होती, आणि मागे धरलेल्या हातात तो कागद थोडा थोडा चुरगळत असलेला.

सदानंद मोहोड उठले. सवयीने दोन-चार चेहरे आधीच हसायला लागले.

"अध्यक्ष महोदय," मोहोड म्हणाले, "ताईंचं नि माझं काही जमत नाही, ते आपल्याले माहीत आहे. पण जहाज निघालं का नाही निघालं, एवढं सांगायले काय हरकत आहे? एका शब्दाचं काम आहे."

ते खाली बसले नाहीत. त्यांच्या मागच्या बाकावरून केरळचे एक सदस्य उठले आणि त्यांनीही तेवढंच विचारलं. मग या बाजूने एक बाई उठल्या. मंत्र्यांनी अधिकाऱ्यांच्या कक्षाकडे मान वळवली. तिथे दोघं एकमेकांशी कुजबुजले आणि एक जण दारातून लगबगीने बाहेर गेला. तो परत आला तेव्हा कुमुदताईंची वेळ संपून गेली होती, पण अध्यक्षांनी घंटी वाजवली नव्हती. मंत्र्यांनी चिठ्ठी वाचली. ती घडी करून खिशात ठेवावी की हातात, हे त्यांना क्षणभर ठरवता आलं नाही.

"जहाज निघालेलं नाही," ते म्हणाले.

कुमुदताई खाली बसल्या नाहीत.

"केव्हा निघणार?" त्यांनी विचारलं.